तलावाची किंमत विचारणारे टेंभुर्णे सर

टेंभुर्णे सर वारले तेव्हा मी वाचनालयात पुस्तकांवर क्रमांक लिहीत होते. शिपाई रामटेके दारात उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, टेंभुर्णे सर गेले." मी हातातल्या पुस्तकाचा क्रमांक पूर्ण केला आणि पेनाला टोपण लावलं. मग आम्ही दोघं कारध्याला त्यांच्या घरी गेलो.

त्यांच्याविषयी लिहायला मला बराच काळ लागला. लिहायला बसले की सरांचा आवाज ऐकू यायचा, "हे तुम्ही पाहिलंत की तुम्हाला वाटलं?" मग मी वाक्य खोडत असे. खोडून उरलं ते पुढे देते.

भंडाऱ्याच्या आमच्या कॉलेजात ते अर्थशास्त्र शिकवत आणि मी ग्रंथपाल होते. त्यांचा पर्यावरणीय अर्थशास्त्राचा पेपर ऐच्छिक होता. मुलं तो आवडीने घेत, कारण त्याला पर्याय म्हणून संख्याशास्त्र होतं. सरांना हे माहीत होतं. पहिल्या तासाला ते म्हणायचे, "आकड्यांपासून पळून आलेल्या सर्वांचं स्वागत आहे. इथेही आकडेच आहेत. फक्त ते सापडत नाहीत."

त्या तासाचं उदाहरण ठरलेलं होतं. वाचनालय त्यांच्या वर्गाला लागून असल्यामुळे ते मला पाठ झालं होतं. शेताच्या धुऱ्यावर मोहाचं झाड आहे. सावली पडते, पाखरं बसतात, बाया सकाळी फुलं वेचतात, वाळवून घरी खातात. देशाच्या उत्पन्नात या झाडाचे किती? सर फळ्यावर शून्य काढत. आता झाड तोडलं आणि लाकूड आरामशीनवर विकलं. आता किती? आता आकडा येई. तो आकडा फळ्यावर लिहून सर विचारत, "म्हणजे देश पुढे गेला का?"

एका वर्षी मागच्या बाकावरून उत्तर आलं, "सर, आरामशीनवाला गेला."

सरांनी खडू घेऊन फळ्यावर लिहिलं, 'आरामशीनवाला गेला.' मग हात झटकत म्हणाले, "उत्तर बरोबर आहे. वर्षभर आपण हेच शिकणार आहोत." आणि वर्षभर त्यांनी तेच शिकवलं.

सर उंच होते आणि थोडे पुढे वाकून चालत, जणू समोरचा हळू बोलतो आहे. त्यांना हसताना मी फार कमी वेळा पाहिलं. विनोद करतानाही त्यांचा चेहरा हजेरी घेतल्यासारखा असे. "कसं काय सर?" असं कोणी सहज विचारलं तर ते थांबत आणि म्हणत, "कोणत्या बाबतीत?" तब्येत, पगार, झोप, पाणीपुरवठा, यातलं नेमकं काय विचारायचं आहे ते समोरच्याने सांगावं, अशी त्यांची प्रामाणिक अपेक्षा असे. रामटेके त्यांना नुसता नमस्कार करू लागले. घरी शोभाताईंनी विचारलं, "चहा कसा झाला?" तर ते म्हणत, "कशाच्या तुलनेत?" शोभाताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. त्यांच्याकडे उत्तर तयार असे. "शेजारच्यांच्या तुलनेत. जा, तिथं पिऊन या अन् मग सांगा."

सर कारध्याला राहत आणि वैनगंगेच्या पुलावरून स्कूटरने कॉलेजला येत. जाताना उतार लागला की इंजिन बंद करायचे. एकदा मी मागे बसले होते आणि स्कूटर अचानक मुकी झाली म्हणून घाबरले. "काही नाही," सर पुढे बघत म्हणाले. "पेट्रोल वाचवलं. देशाचं उत्पन्न तेवढं घटलं. कोणाला सांगू नका."

नदीला पूर आला त्या वर्षी त्यांच्या घरात पाणी शिरलं. गाद्या गेल्या, मिक्सर गेला, भिंतींना ओल धरली. आम्ही काही जण मदतीला गेलो तर सर चिखलात उभं राहून मला समजावून सांगू लागले की गाद्या नव्या घ्याव्या लागतील, गवंडी लागेल, रंगारी लागेल, ही सगळी खरेदी हिशेबात धरली जाईल. वाहून गेलं ते मात्र कुठेच वजा होणार नाही. "यंदा आमच्या घराने देशाला चांगला हातभार लावला," ते म्हणाले.

"आता या गादीला हातभार लावा," शोभाताई आतून म्हणाल्या. "तिकडून धरा."

त्यांचं खरं काम वेगळं होतं. जिल्ह्याचं उत्पन्न किती, हे कोणीतरी दरवर्षी मोजतं. जिल्हा बरा आहे का, हे कोणी मोजत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पाणी किती खोल गेलं, जंगल किती उरलं, मातीचा कस काय झाला, माणसं किती आजारी पडतात, स्वतःला सुखी म्हणवतात का, हे सगळं एकत्र करून तालुक्या-तालुक्याचा एक निर्देशांक काढायचा. त्याला ते सुस्थितीचा निर्देशांक म्हणत. कित्येक वर्षं सुट्टीतले दिवस ते त्यासाठी गावोगाव हिंडले. वाचनालयातलं खिडकीजवळचं टेबल त्या कागदांनी कायम भरलेलं असे. मी इतर कोणाला तिथे बसू देत नसे.

या कामात त्यांचा एक नियम होता. तो मी प्रथम ऐकला चिखल्याला. मुलांची सहल होती, म्हणून मीही गेले होते. मँगनीजची खाण लांबून पाहून झाल्यावर एका मुलीने विचारलं, "सर, काढलेलं मँगनीज उत्पन्नात लिहिलं. जमिनीत झालेला खड्डा कुठे लिहू?"

"खड्ड्याला रकाना नाही," सर म्हणाले. "म्हणून तर तुम्हाला इथं आणलं."

नंतर मुलं कामगारांच्या वसाहतीत प्रश्न विचारत फिरली. एक निवृत्त कामगार ओट्यावर बसले होते. मुलीने विचारलं, "काका, एक ते दहामध्ये तुम्ही आयुष्याबद्दल किती समाधानी आहात?"

"पेन्शन चालू आहे."

"ते झालं काका. पण एक ते दहामध्ये?"

काका थोडे पुढे सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "किती सांगतलं तं पेन्शन बंद नाही होनार?"

मुलं हसली. मुलीने सरांकडे पाहिलं. हे कोणत्या आकड्यात बसवू? सर म्हणाले, "बसवू नकोस. जसं बोलले तसं लिही. माणसाच्या उत्तरावर आपण मालकी सांगायची नाही." काकांना ते वाक्य आवडलं असावं. त्यांनी सरांना तंबाखू देऊ केली.

पुढे जिल्ह्यातल्या एका कार्यालयाने कॉलेजकडून अहवाल मागवला. शाश्वत विकासाच्या तक्त्यात तलावांची किंमत भरायची होती. काम अर्थातच सरांकडे आलं. आमच्याकडे प्रत्येक गावाला तलाव असतो. त्यातले बरेच त्यांनी आधीच पालथे घातले होते. या वेळी त्यांनी आपल्या जन्मगावचा तलावही घेतला. हे गाव आंधळगावच्या पलीकडे आहे. नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांना ते आवडणार नाही.

त्या तलावावर गावाचा धान पिकतो. ढिवर लोक त्यात मासे धरतात आणि शिंगाडा लावतात. वरच्या उथळ बाजूला देवधान आपोआप उगवतो. बाया तो झोडून आणतात आणि उपासाला खातात. गुरं तिथेच पाणी पितात. सर त्या पाण्यात पोहायला शिकले होते. हे सगळं माहीत असूनही त्यांनी पद्धत सोडली नाही. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे छापील प्रश्न घेऊन ते वर्गातल्या मुलींसह गावात गेले. प्रश्न असा होता: 'सदर जलस्रोताचे संवर्धन व्हावे यासाठी आपले कुटुंब दरमहा किती रक्कम देण्यास इच्छुक आहे?'

पहिल्याच घरी एका म्हातारीने मुलीचे हात धरले. "माय, मी एकटी आहो. माह्याकडून काई नोका घेऊ."

पाण्यावर नवा कर बसतो आहे, ही बातमी सरांच्या आधी दुसऱ्या गल्लीत पोहोचली. त्यानंतर प्रत्येक दारात माणूस उत्तर तयार ठेवून उभा होता. शून्य. ज्यांचं पोट तलावावर होतं त्या ढिवरांनी शून्य सांगितलं. ज्यांची धानाची बांधी तलावाच्या पाण्यावर होती त्यांनी शून्य सांगितलं. सरपंचांनी 'निरंक' सांगितलं, कारण ते शिकलेले होते.

शेवटी सर मोठ्या भावाच्या घरी गेले. भावाला गावात सगळे दामोदरदादा म्हणत.

"का गा, आता घरच्या मानसालेबी मांगून राहिला का?" दादा म्हणाले.

"दादा, मांगून नाही राहिलो. इचारून राहिलो."

"तं मंग शून्य लिही. अन् बाजूले लिही का सख्ख्या भावानं सांगतलं."

सरांनी तेही लिहिलं.

भरलेले कागद घेऊन ते खिडकीजवळच्या टेबलावर बसले तेव्हा मी विचारलं, "सर, हे खरं नाही, तुम्हाला माहीत आहे ना?"

"मला माहीत आहे, ते माझं मत झालं, मॅडम. त्यांनी सांगितलं, ते उत्तर."

त्यांनी तक्त्यात शून्य भरलं आणि खाली तळटीप दिली की लोकांना हा कर वाटला असण्याची शक्यता आहे. कार्यालयात तक्ता एका कागदावरून दुसऱ्या कागदावर गेला. तळटीप जिथे होती तिथेच राहिली.

सुखदेव मारबते हे त्या गावचे मासेमार. सरांच्याच वयाचे, एका वर्गात शिकलेले. भात कापणी संपली होती तेव्हा एका दुपारी ते विचारत विचारत वाचनालयात आले. अंगावर धुतलेला सदरा होता. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"सर, तुमी तं तलाव इकून टाकला."

सरांनी मान वर केली. "काय झालं?"

"बुजवून राहिले. धानाचं गोदाम बांधतो म्हनते. आमी ईरोध केला तं साहेब म्हनते, तुमच्याच गावच्या प्राध्यापकानं लिवून देल्लं का याची किंमत शून्य आहे. कागद दाखोला मले. तुमची सही होती जी."

सरांनी टेबलावरचा तक्ता पुढे ओढला. मग म्हणाले, "सुखदेव, शून्य तर तुम्ही सांगितलं."

"मंग का सांगू? तुमी पैसे मांगाले आल्ते."

"मागायला नव्हतो आलो. विचारायला आलो होतो."

"सायबाचा कागद घेऊन जो इचारते तो मांगतेच. आजवर कोन नुसता इचाराले आला?" मारबते टेबलावरच्या कागदांकडे पाहत होते. "आमी खोटं बोलून राहिलो, हे तुमाले मालूम नोहतं का?"

"मालूम होतं."

"मंग लिवलं काहून?"

सरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "तुम्ही सांगितलं म्हणून."

मारबतेंनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, हा मानूस रोजच असा आहे का हो?"

"हो," मी म्हटलं.

तेव्हा कुठे ते खुर्चीवर बसले. रामटेकेंनी चहा आणला. दोघांनी तो संपवला. जाताना मारबते म्हणाले, "ग्रामसभा आहे. तुमी या. शून्य तुमी लिवलं, तुमीच खोडा." सर म्हणाले, येतो. दार लागल्यावर ते बराच वेळ त्या तक्त्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी इतर गावांचे तक्ते काढले आणि एकेक उघडू लागले. प्रत्येक गावात त्यांनी तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारला होता. काही गावांत आकडे आले होते, पण तेही आता वेगळे दिसत असणार. घंटा झाली तरी ते उठले नाहीत.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात होती. कॉलेजची अहवालाची प्रत वाचनालयाच्या नोंदीत असल्यामुळे ती घेऊन मलाही जावं लागलं. बाया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, मध्ये टेबल. कार्यालयातून आलेले अधिकारी तरुण होते आणि सभ्य होते. त्यांनी नीट समजावून सांगितलं की गोदामामुळे धानाला आसरा मिळेल, पावसात पोती भिजणार नाहीत. आणि तलावाबद्दल गावाने स्वतःच आपलं मत नोंदवलेलं आहे.

सर उठले. त्यांनी भाषण केलं नाही. "उत्तर बरोबर लिहिलं होतं," ते म्हणाले. "प्रश्न चुकला होता. तलाव तुमचा आहे. तुमच्याच वस्तूसाठी तुम्ही किती द्याल, असं मी विचारलं. आज उलटं विचारतो. हा तलाव बुजू द्यायला तुमच्या घराला किती पैसे मिळाले तर चालेल?"

मग मागून दामोदरदादांचा आवाज आला. "पंचवीस लाख."

पटांगण हसलं. सर म्हणाले, "दादा, तुझ्या घरी नळ आहे. शेती ठेक्यानं दिली. तू तलावावर येतही नाहीस."

"म्हनून तं कमी सांगतलं."

सरांनी तो आकडा टिपून घेतला. मग बायांच्या बाजूला मारबतेंच्या पत्नी गिरजाबाई उभ्या राहिल्या. त्या आंधळगावच्या बाजारात मासे विकत, त्यामुळे आवाज मोठा होता.

"सर, मी आकडा सांगतला का तुमी लिवून घेता. लिवलं का ते खरं होते. मांगच्या टायमाले शून्य खरं झालं. आता लाख सांगतले तं लाख खरे होतीन, अन् कोनी आनून बी देईल. मंग मासोया कोठी धरू? लाखात?" त्यांनी पदर खोचला. "मी काई सांगत नाही जी. लिवा, गिरजा काई बोलली नाही."

"तसंच लिहितो," सर म्हणाले.

"माह्यंबी तसंच लिवा," शेजारची म्हणाली. मग तिच्या शेजारची. मग ती म्हातारी, जिने मुलीचे हात धरले होते. पुरुषांच्या बाजूला मारबते उठले आणि म्हणाले, "माह्या घरचीनं सांगतलं तेच." सर प्रत्येकाचं लिहून घेत होते. एकच वाक्य पुन्हा पुन्हा लिहायला त्यांना अजिबात कंटाळा आला नाही.

अधिकाऱ्यांनी कागद पाहिला. "सर, जे उत्तरच देत नाहीत, त्यांना हिशेबातून वगळतात ना? पुस्तकात तसंच आहे."

"हो. मीच शिकवतो."

"मग वगळा आणि सरासरी काढा."

"वगळले तर फक्त माझा भाऊ उरतो," सर म्हणाले.

अधिकारी हसले नाहीत, पण त्यांनी पेनाला टोपण लावलं. ते अडचणीत आले आहेत हे दिसत होतं. जरा थांबून म्हणाले, "सर, आजचं हे ठीक आहे. पण फाइलला तुमचा अहवाल लावलेला आहे. तो असेपर्यंत शून्य कायम राहील. आणि एकाच गावाचा आकडा मागे घेता येणार नाही. पद्धत सगळीकडे एकच आहे. ही चूक असेल तर सगळ्याच तलावांच्या बाबतीत चूक आहे."

हे खरं होतं. त्या तलावांच्या आकड्यांवर सरांचा निर्देशांक उभा होता. पाणी, माती, समाधान, सगळं त्या पद्धतीने विचारून मिळवलेलं. त्याचं पुस्तक छापायला द्यायच्या बेतात होतं. प्रस्तावना मी वाचली होती. शून्य खोडायचं तर ते सगळं खोडावं लागणार होतं, आणि न खोडावं तर तलाव जाणार होता. पटांगणातल्या लोकांना यातलं काही माहीत नव्हतं. ते सर केव्हा बोलतात याची वाट पाहत होते.

सर म्हणाले, "पूर्ण अहवाल मागे घेतो. तसं लिहून देतो." आणि टेबलाशी उभं राहूनच त्यांनी लिहून दिलं. अक्षर नेहमीसारखं होतं.

परतताना आंधळगावला आम्ही चहा घेतला. सर म्हणाले, "चहा चांगला आहे." कशाच्या तुलनेत, हे मी विचारलं नाही.

प्राचार्यांना हे आवडलं नाही. कॉलेजच्या नावाचा प्रश्न होता. तपासणीच्या वेळी दाखवायला तो अहवालच होता, आणि आता तो दाखवता येत नव्हता. पुढची कामं दुसऱ्या विभागाकडे गेली. छापखान्याला सरांनी नको म्हणून कळवलं. काही दिवसांनी ते माझ्या टेबलाशी आले.

"मॅडम, माझ्या अहवालाची प्रत कपाटातून काढून टाका."

"काढता येत नाही सर. पुस्तक फाटलेलं हवं, नाहीतर हरवलेलं हवं."

"ते चुकलेलं आहे."

"चुकलेल्या पुस्तकांसाठी नियम नाही."

सरांनी विचार केला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "नाहीतर तुमची बरीच कपाटं रिकामी होतील."

गोदाम झालं. पूर्ण तलावावर नाही. वरच्या उथळ बाजूला मुरूम टाकून तेवढीच जागा घेतली. तिथेच देवधान उगवत असे. बाकीचा तलाव फाइलमधून सुटला. हे सरांमुळे झालं, गिरजाबाईंमुळे झालं, की मुरूम पुरला नाही म्हणून झालं, हे मला सांगता येणार नाही. सरांना विचारलं असतं तर त्यांनीही सांगितलं नसतं.

निवृत्त झाल्यावर ते वाचनालयात येत राहिले. टेबल रिकामं असे. ते एक कोरा कागद घेत आणि त्यावर एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने लिहून पाहत. असा प्रश्न की जो ऐकून माणूस घाबरणार नाही, लालचावणार नाही आणि पाहुण्यासमोर बोलावं तसं बोलणार नाही. एकदा त्यांनी रामटेकेंवर तो करून पाहिला. "रामटेके, तुम्हाला उद्या काय नसलं तर चालणार नाही?" रामटेके म्हणाले, "रविवार." सरांनी लिहून घेतलं.

मग आजारपण आलं. नागपूरच्या दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा ते बरेच वाळले होते. "तपासण्या खूप झाल्या," ते म्हणाले. "यंदा वाढीचा दर चांगला आहे." शोभाताई खिडकीबाहेर पाहत होत्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तलावावर. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की ढिवर एक दिवस गावासाठी जाळं टाकतात. त्या दिवशीची मासळी विकत नाहीत. तलावाच्या पाळीवर, बांधावर, पळसाची पानं मांडतात आणि घराघराचा वाटा काढतात. वजन करत नाहीत. हाताला येईल तेवढं. ही मासळी बाजारात जात नाही, म्हणून ती कुठल्याच हिशेबात नसते. सरांच्या छापील प्रश्नातही नव्हती. त्यांना त्या दिवशी जायचंच होतं. शोभाताईंनी गाडी ठरवली आणि मला फोन केला.

पाळीवर आंब्याच्या सावलीत त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. समोर गोदामाची पत्र्याची भिंत उन्हात चकाकत होती. सर तिच्याकडे पाहत नव्हते. मारबते आणि त्यांची माणसं कमरेएवढ्या पाण्यात जाळं ओढत होती, गिरजाबाई काठावरून ओरडून सगळ्यांना कामं सांगत होत्या. वाटे झाले. शेवटी एक पान उरलं होतं. मारबतेंनी त्यावर मासे ठेवले.

"हा कोनाचा गा?" दामोदरदादांनी विचारलं.

"सराचा."

"तो तं कारध्याले राहते. गावात राहत नाही त्याचा वाटा निंगत नाही."

"मंग मी कोठी म्हनलं का तो गावात राहते?" मारबते म्हणाले. "सराचा म्हनलं."

त्यांनी पानाची पुडी बांधली आणि आणून सरांच्या मांडीवर ठेवली. सरांनी ती दोन्ही हातांनी धरली. ते काहीतरी विचारणार होते, ओठ हलले. गिरजाबाई लांबूनच ओरडल्या, "इचारू नोका जी. खा."

सरांनी विचारलं नाही.

गाडीत बसवताना पुडी त्यांच्या हातातच होती. पाणी गळून पँटवर मोठा डाग पडला होता. शोभाताई म्हणाल्या, "हे आता साफ कोण करणार?" सर म्हणाले, "मी." त्यांच्याने पेलाही उचलवत नव्हता. शोभाताईंनी दार लावलं. गाडी पाळीवरून उतरली आणि मला काचेतून त्यांचा वाकलेला खांदा दिसला. एवढंच.

तलाव आहे. गोदामाने घेतली तेवढ्या जागेने लहान झाला आहे. जिल्ह्याच्या तक्त्यात त्याच्या नावापुढे किमतीच्या रकान्यात आडवी रेघ आहे.